चार मते, तीन वाटा

मे २०२४ मधल्या लोकसभा निवडणुकीत आमच्या घरातून एकच मत पडले, आणि त्यासाठीही मला पुण्याहून नाशिकपर्यंत २१० किलोमीटर गाडी चालवावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये पत्नीची तिच्या शिक्षणसंस्थेच्या पुण्यातल्या शाळेत बदली झाली आणि आम्ही बिऱ्हाड हलवले. गॅस, बँक, वर्तमानपत्र, सगळ्यांचे पत्ते बदलले, मतदार यादीतली नावे मात्र नाशिकलाच राहिली. आईच्या खुब्याचे हाड मार्चमध्ये मोडले होते, त्यामुळे तिला एवढा प्रवास शक्य नव्हता आणि तिच्याजवळ पत्नीला थांबणे भाग होते. २० मे रोजी रात्री मी परत आलो तेव्हा आईने माझ्या बोटावरची शाई पाहिली आणि एवढेच म्हणाली, "माझं राहिलंच की रे."

तिच्या या वाक्याला संदर्भ होता. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली, तेव्हा तिने पहिल्यांदा मत दिले. त्या काळी मतदानाचे वय २१ होते आणि ती पंचविशीत होती. त्यानंतर तिचे एकही मतदान चुकलेले नव्हते. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ रोजी संपणार हे ठाऊक असल्यामुळे त्याआधी निवडणूक होणार हे उघड होते, म्हणून हाताशी असलेल्या पाच-सहा महिन्यांत घरातल्या चौघांची कागदपत्रे नीट करायची असे आम्ही ठरवले. चौघे म्हणजे ८७ वर्षांची, वॉकरशिवाय चालू न शकणारी आई, निवडणुकीचे काम हमखास लागणारी शिक्षिका पत्नी, बंगळूरला वसतिगृहात राहून शिकणारी, अजून यादीत नावच नसलेली एकोणीस वर्षांची मुलगी, आणि मी. प्रत्येकाची अडचण वेगळी असल्यामुळे जवळजवळ सगळ्याच वाटा आम्हाला तुडवाव्या लागल्या. त्यांचा हा वृत्तांत आहे.

त्या वर्षी १ जुलै २०२४ ही अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी वय १८ पूर्ण हवे ती तारीख, धरून मतदार यादीचे दुसरे विशेष संक्षिप्त पुनरीक्षण, म्हणजे यादी अद्ययावत करण्याची मोहीम, झाले. प्रारूप यादी ६ ऑगस्टला लागली, दावे आणि हरकती २० ऑगस्टपर्यंत घेतल्या गेल्या आणि अंतिम यादी ३० ऑगस्टला प्रसिद्ध झाली. या काळाखेरीजही अर्ज करता येतात, परंतु पुनरीक्षणाच्या दिवसांत केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात, ते घरोघरी फिरत असतात आणि कार्यालयातही याच कामाचे वातावरण असते. म्हणून ९ ऑगस्टला, शुक्रवारी रात्री, मी निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर बसलो. पूर्वी एका मतदारसंघातून दुसऱ्यात जाताना नवा मतदार असल्याप्रमाणे नमुना ६ भरावा लागत असे. ऑगस्ट २०२२ पासून ते काम नमुना ८ करतो. जुना ओळखपत्र क्रमांक तोच राहतो आणि जुन्या ठिकाणचे नाव वगळण्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. आम्हा तिघांसाठी तीन नमुना ८ आणि मुलीसाठी एक नमुना ६ असे चार अर्ज भरायला मला दोन तास लागले, त्यांतला निम्मा वेळ छायाचित्रे ठरलेल्या आकारात बसवण्यात गेला. शुल्क काहीही नाही. पत्त्याचा पुरावा म्हणून माझ्या नावाचे वीजबिल आणि नोंदणीकृत खरेदीखत जोडले.

मुलीच्या बाबतीत एक प्रश्न होता. मतदाराची नोंद तो सर्वसाधारणपणे राहतो तिथे व्हायला हवी, आणि ती तर वर्षातले दहा महिने बंगळूरला असते. विद्यार्थ्यांना मात्र आई-वडिलांच्या घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, यांपैकी कुठेही एकाच ठिकाणी, नाव नोंदवण्याची मुभा आहे. तिने पुणे निवडले. त्या निवडीची किंमत तिला नोव्हेंबरमध्ये कळणार होती.

१७ ऑगस्टला बीएलओ ताई घरी आल्या. त्या आमच्या भागातल्या अंगणवाडी सेविका. अर्जातले तपशील त्यांनी मोबाईलवर एकेक करून ताडून पाहिले, आईला प्रत्यक्ष पाहिले आणि जाताना आपला क्रमांक देऊन गेल्या. वाचकांनी पोर्टलवरच्या संदर्भ क्रमांकाइतकाच हा क्रमांकही जपून ठेवावा असे मी म्हणेन, कारण पोर्टल फक्त 'प्रक्रियेत' एवढेच सांगते, तर ताई "तुमची फाईल साहेबांकडे गेली, सोमवारी बघा" असे सांगत. ३० ऑगस्टच्या यादीत चौघांचीही नावे होती आणि आपण जिंकलो असे समजून मी पोर्टल बंद केले.

खरी अडचण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कळली, आणि तीही योगायोगाने. वृद्धांना घरून मतदान करता येते हे ऐकून होतो. ही वयाची अट पूर्वी ८० वर्षे होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ करण्यात आली. त्याखेरीज ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित अपंगत्व असलेल्या मतदारांनाही ही सोय मिळते. आई ८७ वर्षांची असल्याने प्रश्नच नाही अशा समजुतीत आम्ही होतो. यादीची प्रत पाहताना तिच्या नावासमोरचे वय दिसले: ७८. हे आकडे कधीतरी, बहुधा संगणकावर चढवताना, उलटे पडले असावेत. नाशिकच्या जुन्या यादीतही तेच असणार. आम्ही कधी पाहिलेच नव्हते. ताईंना फोन केला तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की ८५ वर्षांवरील मतदारांची यादी संगणकातल्या वयावरूनच निघते आणि आजींचे नाव तिच्यात येणार नाही. आधार कार्ड दाखवून त्या दिवशी काम भागणार नाही, यादीतली नोंदच दुरुस्त करून घ्यावी लागेल.

दुरुस्तीसाठीही नमुना ८ हाच अर्ज आहे, मात्र त्यात स्थलांतर, नोंदीतील दुरुस्ती, ओळखपत्राची बदली आणि दिव्यांग म्हणून नोंद या चारांपैकी एकाच कारणावर खूण करता येते. ऑगस्टमध्ये आम्ही स्थलांतरावर केली होती. म्हणून १४ सप्टेंबरला आईसाठी दुसरा नमुना ८ भरला आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणून तिचे आधार कार्ड जोडले. नऊ वर्षांचा फरक असल्यामुळे मूळ कागद पाहिल्याशिवाय मंजुरी देता येणार नाही, असा निरोप आला.

मी मतदार नोंदणी कार्यालयात तीन वेळा गेलो. पहिल्या वेळी साहेब बैठकीला गेले होते. दुसऱ्या वेळी टेबलावरच्या लिपिकाने प्रत स्वसाक्षांकित नाही म्हणून परत पाठवले; आईची सही घेण्यासाठी घरी यावे लागले. फाटकाबाहेर बसलेल्या एका गृहस्थाने "वयाचं आहे ना, ॲफिडेव्हिट लागेल, सातशे रुपये" असे अत्यंत आत्मविश्वासाने सांगितले आणि मी पाकीट काढलेही होते. आत विचारून आलो तर त्याची काही गरज नव्हती. तिसऱ्या खेपेला, २६ सप्टेंबरला, मूळ आधार कार्ड आणि आईचे जुने निवृत्तिवेतनाचे पुस्तक दाखवल्यावर दहा मिनिटांत काम झाले. त्या दहा मिनिटांसाठी तीन अर्धे दिवस आणि रिक्षाचे सहाशे चाळीस रुपये गेले. ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, पोर्टलवर आईचे वय ८७ दिसले. एखाद्याचे वय नऊ वर्षांनी वाढल्याचा आनंद घरात पेढे आणून साजरा करण्याचा प्रसंग विरळाच असेल.

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली: २८८ जागा, एकाच टप्प्यात २० नोव्हेंबरला मतदान, २३ नोव्हेंबरला मतमोजणी. इथून पुढच्या तारखांचा क्रम मी मुद्दाम तपशिलात देतो, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. यादीत नाव घालण्यासाठी अर्ज करण्याची अखेरची तारीख १९ ऑक्टोबर होती, म्हणजे घोषणेनंतर जेमतेम चार दिवस. उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवसाच्या, म्हणजे २९ ऑक्टोबरच्या, दहा दिवस आधी ही दारे बंद होतात. निवडणुकीची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, आणि घरून मतदान करू इच्छिणाऱ्यांचा नमुना १२ ड हा अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो. उमेदवार कोण हे ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपल्यावर ठरते. याचा अर्थ असा की भिंतींवर आणि गल्लीत निवडणूक दिसू लागते, रिक्षांवरचे कर्णे सुरू होतात, तेव्हा अर्ज करायच्या बहुतेक मुदती उलटून गेलेल्या असतात. आमच्याच इमारतीतल्या दोन घरांनी ८ नोव्हेंबरच्या सुमारास मला १२ ड बद्दल विचारले आणि मला नाही म्हणावे लागले. शिवाय ते पाच दिवस नेमके दिवाळीच्या तोंडावर आले होते. वसुबारस २८ ऑक्टोबरला होती आणि घराघरांतून भाजणीचा वास येत होता. अर्जाचे भान कोणाला असणार?

बीएलओ ताई मात्र २३ ऑक्टोबरला स्वतःहून आल्या. ८५ वर्षांवरील मतदारांच्या यादीत आईचे नाव आले होते. १२ ड हा अर्ज एका कागदाचा आहे: नाव, पत्ता, ओळखपत्र क्रमांक, यादी भाग क्रमांक (मतदान केंद्रानुसार यादीचे भाग असतात), अनुक्रमांक, संपर्क आणि कोणत्या कारणाने टपाली मतपत्रिका, म्हणजे घरी खूण करायची कागदी मतपत्रिका, हवी ते. ही सक्ती नाही. ज्यांना केंद्रावर जायचे आहे त्यांनी तसे सांगावे. ताईंनी आईला पुन्हा पुन्हा बजावले, "आजी, एकदा हा अर्ज मंजूर झाला की तुम्हाला केंद्रावर जाऊन मत देता येणार नाही हं. यादीत तुमच्या नावापुढे तशी खूण होते."

आईने दोन दिवस विचार केला. मला वाटले होते ती लगेच सही करील, पण तिची घालमेल वेगळीच होती. रांगेत उभे राहायचे, ओळखीचे चार चेहरे भेटायचे, बोट पुढे करायचे, या सगळ्यासकट तिला मतदान हवे होते. "घरात बसून कागदावर खूण करायची, हे काय मतदान झालं?" असे ती म्हणाली. मी चाकाच्या खुर्चीचा पर्याय सांगितला. 'सक्षम' ॲपवरून किंवा १९५० या क्रमांकावरून ती मागता येते आणि केंद्रावर चाकाच्या खुर्चीसाठी उतारही असतो. पण आमच्या इमारतीची लिफ्ट त्या महिन्यात दोनदा बंद पडली होती आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. अखेर २५ ऑक्टोबरला तिने सही केली. ताईंनी अर्ज नेताना पोच दिली. ती मी फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवली.

पत्नीची वाट याला समांतर चालली होती. तिला मतदान अधिकारी म्हणून नियुक्तीचा आदेश दिवाळीआधी आला, आणि नेमणूक शहरातल्याच पण दुसऱ्या मतदारसंघात होती. काम आपल्याच मतदारसंघात असेल तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घेऊन कामाच्या केंद्रावरच यंत्रावर मत देता येते. बाहेर असेल तर नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागावी लागते. हा अर्ज मतदानाच्या किमान सात दिवस आधी पोचायला हवा असतो. २७ ऑक्टोबरच्या रविवारी पहिले प्रशिक्षण झाले, तिथेच अर्जाचे गठ्ठे वाटले गेले आणि तिथेच चूक झाली. चूक आमचीच. पत्नीने पर्समधल्या एका जुन्या चिठ्ठीवरून यादी भाग आणि अनुक्रमांक लिहिला. ती चिठ्ठी नाशिकची होती. ओळखपत्र क्रमांक तोच राहिला तरी भाग आणि अनुक्रमांक बदललेले असतात, हे मीच तिला कधी सांगितले नव्हते.

सुदैवाने तिने १० नोव्हेंबरला सहज चौकशी केली आणि मंजूर झालेल्यांत आपले नाव नाही हे तिला कळले. अर्ज नाशिककडे गेला होता आणि तिथे त्या क्रमांकावर आता तिचे नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळा अर्धा दिवस टाकून तिने नियुक्तीच्या आदेशाची प्रत, ओळखपत्राची प्रत आणि नव्या तपशिलांसह पुन्हा नमुना १२ दिला. आणखी तीन दिवस उशीर झाला असता तर मुदत टळली असती. १६ नोव्हेंबरच्या दुसऱ्या प्रशिक्षणात तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सुविधा केंद्रात मते दिली, तिची मतपत्रिका मात्र आलेली नव्हती. तिला १८ तारखेला पुन्हा बोलावण्यात आले. पूर्वी ही मतपत्रिका घरी टपालाने येत असे आणि परत पाठवताना कितीतरी वेळा ती मोजणीपर्यंत पोचतच नसे. २०२३ मध्ये नियम बदलला आणि आता निवडणूक कामावरच्या मतदाराने सुविधा केंद्रातच मतपत्रिका घ्यायची, तिथेच खूण करायची आणि तिथल्याच पेटीत टाकायची असते. पत्नी सांगते की आत आडोशाचे टेबल, पेटी, उमेदवारांचे प्रतिनिधी, सगळे लहान केंद्रासारखेच होते. घोषणापत्रावर, म्हणजे नमुना १३ अ वर, साक्षांकन करणारा अधिकारीही तिथेच बसलेला होता.

या घोषणापत्राबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण टपाली मते बाद होतात ती बहुधा इथेच. मतपत्रिका लहान पाकिटात घालून ते बंद करायचे. त्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक असतो. घोषणापत्र सही आणि साक्षांकनासह वेगळे ठेवायचे, लहान पाकिटात नाही. मग लहान पाकीट आणि घोषणापत्र दोन्ही मोठ्या पाकिटात. मोजणीच्या वेळी आधी मोठे पाकीट उघडून घोषणापत्र तपासतात. ते नसेल, सही नसेल किंवा क्रमांक जुळत नसेल तर लहान पाकीट उघडलेच जात नाही. मतपत्रिकेवर एकाच उमेदवारासमोर खूण करायची, आणि तिच्यावर आपली सही किंवा नाव कदापि लिहायचे नाही, कारण मतदाराची ओळख पटवणारे काहीही आढळले तरी मत बाद होते. कागद दिसला की सही करण्याची सवय असलेल्या शिक्षकांना हे आवर्जून सांगावे लागते, असे पत्नीचे म्हणणे.

आईकडे पथक आले ते १४ नोव्हेंबरला, गुरुवारी. दोन दिवस आधी मोबाईलवर संदेश आला होता. वेळ 'सकाळी दहा ते पाच' अशी मोघम. आईने पहाटेच आंघोळ करून ठेवणीतले नऊवारी नेसले आणि दहा वाजल्यापासून दाराकडे तोंड करून बसली. गॅलरीतल्या तुळशीचे लग्न आदल्या संध्याकाळी लागले होते, मांडव अजून होता. जेवायची वेळ झाली तरी ती उठेना, "मी जेवायला बसले आणि ते आले तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी तीन वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली. दोन मतदान अधिकारी, एक पोलीस, एक चित्रीकरण करणारा तरुण, आणि दाराशी थांबलेला एका उमेदवाराचा प्रतिनिधी. पथकाच्या भेटींचे वेळापत्रक उमेदवारांना कळवलेले असते, त्यामुळे असा प्रतिनिधी आला तर बिचकू नये.

त्यांनी ओळखपत्र पाहिले, यादीशी ताडले, आमच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि आईला विचारले की मदतनीस हवा आहे का. दृष्टी किंवा अशक्तपणामुळे स्वतः खूण करता येत नसेल तर सज्ञान मदतनीस घेता येतो. आईचा हात थरथरतो, म्हणून मी नकळत पुढे झालो. ती अधिकाऱ्यांकडे पाहून म्हणाली, "ह्याला स्वयंपाकघरात पाठवा." मला खरोखरच स्वयंपाकघरात जावे लागले. त्यामुळे पुढचे मी ऐकले तेवढेच सांगू शकतो. तिने शिक्का मागितला. यंत्रे येण्यापूर्वीची कितीतरी वर्षे तिने कागदावर शिक्का मारला होता. कागद परत आला म्हणजे शिक्काही आला असेल असा तिचा हिशोब. अधिकाऱ्याने हसून पेन दिले आणि "आजी, नावासमोर बरोबरची खूण करा, एकच" असे सांगितले. मग बराच वेळ शांतता होती. चित्रीकरण चालू असते, पण आडोशाआडची खूण त्यात येत नाही, हे मी आधीच विचारून घेतले होते. पाकिटे बंद करण्यासाठी डिंक, घोषणापत्रावर तिची सही, अधिकाऱ्याचे साक्षांकन, पाकीट त्यांच्या पेटीत. एकूण पंधरा मिनिटे. पाणीसुद्धा न घेता ते पुढच्या घरी गेले, त्यांना त्या दिवशी आणखी बरीच घरे करायची होती.

इथे आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांची हकिकत सांगणे आवश्यक वाटते. त्यांनीही १२ ड भरला होता, परंतु पथक आले तेव्हा ते मुलीकडे गेले होते. पथक दुसऱ्यांदा येते आणि त्याची सूचना देते. तेव्हाही ते परतले नव्हते. तिसरी फेरी नसते. २० तारखेला ते काठी टेकत केंद्रावर गेले, तर यादीत नावासमोर टपाली मतपत्रिकेची खूण असल्यामुळे त्यांना मत देता आले नाही. अर्ज भरला असेल तर ते आठ-दहा दिवस घर सोडू नये.

मुलीसाठी मात्र यांतली कोणतीच वाट नव्हती. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात असलेल्या सामान्य मतदाराला टपाली मत नाही, मतदानाच्या दिवसाआधी मत देण्याची सोयही नाही. सैन्यातल्या मतदारांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली जाते आणि ते ती छापून, खूण करून टपालाने परत पाठवतात; माझा शारजात असलेला भाऊ भारतीय नागरिक असल्याने नमुना ६ अ भरून यादीत नाव घालू शकतो, पण मत द्यायला त्याला स्वतः यावे लागेल, म्हणून तो त्या फंदात पडलेला नाही. स्थलांतरितांना आहे तिथूनच मत देता यावे यासाठी आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना दाखवला होता. तो अजून वापरात आलेला नाही. राज्यातले लाखो लोक पोटासाठी गाव सोडून राहतात आणि त्यांच्यासाठीची सोय अजून प्रयोगाच्याच टप्प्यावर आहे, हे मला खटकते. मुलीला रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही. जाऊन-येऊन बसला तीन हजार पन्नास रुपये आणि दोन रात्रींची झोप, असा तिच्या पहिल्या मताचा खर्च.

२० नोव्हेंबरला पत्नी आपल्या केंद्रावर होती. ती आदल्या दिवशी सकाळी साहित्य घ्यायला गेली ती २१ तारखेच्या पहाटे दोन वाजता परतली. मुलगी सकाळी सहाला बसमधून उतरली आणि आम्ही सातला केंद्रावर पोचलो. वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सहा अशी होती आणि सहाच्या आधी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. फाटकाजवळच मोबाईलवरून वाद चालू होते. केंद्राच्या १०० मीटर परिसरात फोन नेता येत नव्हता आणि फोन ठेवायला जागा नव्हती. ओळखपत्रच फोनमध्ये असलेल्यांची पंचाईत झाली. मी फोन घरी ठेवून कागदी ओळखपत्र नेले होते. मुलीच्या पाठपिशवीत फोन होता, म्हणून आम्ही आळीपाळीने पिशवी सांभाळत मत दिले. घरपोच मिळणारी मतदार माहिती चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नव्हे. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक अशा बारा पर्यायांपैकी एक लागतो.

एकाच घरातले असूनही आमचे यादी भाग वेगळे निघाले. मी तळमजल्यावरच्या खोलीत, मुलगी मागच्या इमारतीत. माझ्या रांगेला पन्नास मिनिटे लागली, तिच्या रांगेला वीस. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, मत दिल्यावर यंत्राच्या काचेत येणारी ती चिठ्ठी सात सेकंद दिसते म्हणतात, मला तर तीनच वाटली." मग तिने बोटावरची शाई आजीला दाखवायला थेट घर गाठले आणि झोपून गेली.

चौघांचा मिळून हिशोब असा: सरकारी शुल्क शून्य, छायाचित्रे आणि झेरॉक्स एकशे सव्वीस रुपये, रिक्षा सहाशे चाळीस, मुलीचा प्रवास तीन हजार पन्नास. वेळेचा हिशोब मांडायचा तर ९ ऑगस्टपासून २० नोव्हेंबरपर्यंत एकशे तीन दिवस, त्यांपैकी प्रत्यक्ष कामाचे सात-आठ.

२३ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता मोजणी सुरू झाली तेव्हा आई दूरदर्शनसमोर बसली होती. टपाली मते आधी मोजायला घेतात आणि यंत्रांची मोजणी अर्ध्या तासाने सुरू होते, हे मी तिला सांगितले होते. पहिले कल येऊ लागले तशी ती म्हणाली, "म्हणजे हे आत्ता आमचं चाललंय." साडेआठला यंत्रांची मोजणी सुरू झाल्याचे निवेदकाने सांगितले आणि तिने रिमोट माझ्या हातात देऊन चहा मागितला.

तिचे दुरुस्त ओळखपत्र २ डिसेंबरला स्पीड पोस्टने आले. जन्मवर्ष १९३७ बरोबर छापले आहे. पत्त्यात मजला चुकला आहे. नमुना ८ पुन्हा भरावा लागेल.